कॅन्सर, नैराश्य आणि ताकदीचे औषध

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक जाडजूड फायली घेऊन येतात; कोणाचे उपचार मिरजेला चालू असतात, कोणाचे पुण्याला, कोणाचे परळच्या टाटा रुग्णालयात. चिठ्ठीवरची औषधे पिशवीत भरून झाली, पैसे देऊन झाले, की त्यांतले बरेच जण जरा पुढे झुकून आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "काहीतरी ताकदीचं द्या. जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, रात्रभर टक्क जागे असतात." टॉनिकची बाटली देणे मला सोपे आहे आणि दुकानाच्या फायद्याचेही आहे. पण हे वर्णन ऐकताना माझ्या मनात येणारा आजार टॉनिकने बरा होणारा नसतो, आणि त्याचे नाव घेतले की समोरून ठरलेले उत्तर येते: "अहो, एवढा मोठा रोग झालाय, मग उदास वाटणारच की!"

उदास वाटणारच, हे खरे आहे. घोटाळा त्यापुढच्या निष्कर्षात आहे. उदासीचे कारण आपल्याला समजले, म्हणून तिच्यावर उपचार करण्याचे काही कारण उरले नाही, असे आपण नकळत धरून चालतो. जिन्यावरून पडून एखाद्याचा पाय मोडला, तर पाय का मोडला हे कळल्यावर आपण प्लास्टर नाकारत नाही. कॅन्सरमुळे आलेले नैराश्य मात्र "साहजिक" ठरते आणि साहजिक म्हणून तसेच राहू दिले जाते.

शिवाय ते वाटते तितके साहजिकही नाही. स्कॉटलंडमधल्या कॅन्सर दवाखान्यांत आलेल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र नैराश्याचे प्रमाण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये सुमारे १३ टक्के, स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये ११, स्तनांच्या कॅन्सरमध्ये ९ आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ७ टक्के आढळले. हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की बहुसंख्य रुग्ण घाबरतात, रडतात, चिडतात, आणि तरीही नैराश्याच्या आजारात सापडत नाहीत. म्हणजे जो सापडतो, त्याला कॅन्सरबरोबर आणखी एक, वेगळा आजार झालेला असतो. त्याच पाहणीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना त्यावर कोणताही परिणामकारक उपचार मिळत नव्हता, आणि ही अवस्था सरकारी खर्चाने आरोग्यसेवा पुरवणाऱ्या देशातली होती.

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा हे सारे मला घरात पाहायला मिळाले. (हे लिहायला तिची परवानगी आहे; "फक्त माझ्या शाळेचं नाव नको," एवढीच तिची अट आहे.) शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, ज्याला आमच्याकडे अजूनही 'शेक' म्हणतात, या सगळ्यातून ताई खंबीरपणे गेली. केस गेले तेव्हा तिने स्वतःच विनोद केले. उपचार संपले, दाजींनी सत्यनारायण घातला, पाहुणे जेवून गेले आणि त्यानंतर काही आठवड्यांनी ती खचू लागली. आम्हा सर्वांना ते उलटे वाटले, पण कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्यांना हा काळ चांगला ओळखीचा असतो. उपचार चालू असताना दर काही दिवसांनी कुठेतरी जायचे असते, रक्त तपासायचे असते, रक्तपेशींचे काउंट वाढले की घटले याची वाट पाहायची असते, आणि माणूस त्या धावपळीच्या आधाराने उभा असतो. ते थांबले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि रुग्णाला मात्र आपल्या शरीराचे काय झाले हे पाहायला पहिल्यांदा वेळ मिळतो. घरच्यांच्या लेखी लढाई संपलेली असते, म्हणून तक्रार करायचीही चोरी होते.

कॅन्सरच्या रुग्णातले नैराश्य ओळखणे खरोखरच अवघड आहे, कारण दोन्ही आजारांची शारीरिक लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारलेले असतात. त्यांतले झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतला मंदपणा हे पाच प्रश्न केमो घेणाऱ्या कोणालाही लागू पडतील. म्हणून अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ उरलेल्या चार प्रश्नांकडे अधिक लक्ष देतात: मन सतत खिन्न असते का, पूर्वी ज्यात आनंद मिळे त्यातला रस गेला आहे का, स्वतःविषयी अपराधी किंवा कवडीमोल वाटते का, आणि मरणाचे विचार येतात का. यातही रस जाणे ही खूण मला फार बोलकी वाटते. थकलेल्या माणसाला नातवाला उचलून घेता येत नाही, पण नातू आला की त्याचा चेहरा खुलतो. नैराश्यातल्या माणसाला नातू आला काय आणि गेला काय, सारखेच असते. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गातली मुले शुभेच्छापत्रे घेऊन घरी आली आणि ती पाठ फिरवून पडून राहिली. त्या रात्री ती दाजींना म्हणाली, "मी तुमच्या सगळ्यांवर ओझं झालेय." केमोने थकवा येतो, आपण ओझे झालो आहोत ही खात्री केमोने येत नाही.

नैराश्याचे निदान करण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या तपासणारा डॉक्टर भेटणे भाग्याचे. रक्तातले हिमोग्लोबिन उतरलेले असू शकते. मानेवर रेडिएशन झालेल्यांमध्ये पुढे थायरॉइड मंदावू शकते, आणि मंदावलेले थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखे दिसते. हाडांत पसरलेल्या आजारात रक्तातले कॅल्शियम वाढून माणूस सुस्त आणि गोंधळलेला होतो. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने काहींचा मूड दोन दिवस वर जातो आणि मग कोसळतो. वयस्क रुग्ण एकाएकी गप्प झाला, दिवसा झोपू लागला, वेळकाळाचे भान सुटले, तर ते नैराश्य नसून शांत प्रकारचा वातभ्रम (डिलिरियम) असू शकतो, आणि त्याची कारणे तातडीने शोधावी लागतात. आणि सर्वांत आधी वेदना. ज्याचे दुखणे रात्रभर ठणकते आहे त्याच्या मनाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. आधी दुखणे थांबवायला हवे.

ताईच्या बाबतीत हे सारे तपासून झाले आणि औषध सुरू करायचे ठरले, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "टॅमॉक्सिफेन चालू आहे का?" औषधविक्रेता म्हणून मला या प्रश्नाचे महत्त्व ठाऊक होते, आणि तो विचारला गेला याचे समाधान वाटले. हार्मोनशी निगडित स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. पोटात गेलेले टॅमॉक्सिफेन यकृतात सीवायपी-२डी६ नावाच्या एन्झाइमच्या मदतीने एन्डॉक्सिफेन या अधिक प्रभावी रूपात बदलते, आणि मुख्य काम हे रूप करते. नैराश्यावरची पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन ही दोन प्रचलित औषधे नेमके हेच एन्झाइम जोरात अडवतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या स्त्रियांच्या नोंदींवरून २०१० मध्ये असे दाखवले गेले की टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटीन जितका अधिक काळ घेतले, तितके स्तनाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त होते. नंतरच्या सर्व अभ्यासांत हा परिणाम इतका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण दुसरी चांगली औषधे उपलब्ध असताना ही जोडी टाळावी, यावर तज्ज्ञांचे बहुतांशी एकमत आहे. टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना ही अडचण येत नाही.

ताईला व्हेन्लाफॅक्सिन दिले गेले. ते या एन्झाइमच्या वाटेला फारसे जात नाही, आणि टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफाही त्याने कमी होतात. रात्री घामाने जाग येणे थांबले तरी झोप सुधारते आणि अर्धे काम तिथेच होते. प्रत्येक रुग्णासाठी निवड वेगळी असते. ज्याला भूक नाही, झोप नाही, मळमळते आहे आणि वजन उतरते आहे, त्याच्यासाठी डॉक्टर अनेकदा मिर्टाझापिन निवडतात, कारण झोप आणि भूक वाढणे हे त्याचे एरवी नकोसे वाटणारे परिणाम इथे हवेसे असतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असतील तर नैराश्यावरची सर्ट्रालिनच्या गटातली औषधे रक्तस्रावाची शक्यता वाढवतात, याचा विचार करावा लागतो. उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन आणि नैराश्यावरचे सिटॅलोप्राम एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत आलेखावर लक्ष ठेवावे लागते. वेदनेवरचे ट्रॅमाडॉल यांतल्या बऱ्याच औषधांशी जपून जुळवावे लागते. वयस्क माणसांत या औषधांनी रक्तातले सोडियम उतरू शकते. हे सगळे वाचून घाबरू नये. इतके सांगण्याचा उद्देश एवढाच की कोणाच्या तरी शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या रुग्णाला आणून देऊ नये.

दुकानात रोज दिसणारे दोन गैरसमज इथेच सांगतो. पहिला अल्प्राझोलामचा. "झोपेची गोळी द्या, झोप लागली की बरं वाटेल," असे म्हणणारे पुष्कळ असतात. या गोळीने अस्वस्थता काही तास दबते, पण ती नैराश्यावरचे औषध नाही, आणि तिची सवय मात्र लागते. म्हणूनच ती शेड्यूल एच-१ या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे आणि तिच्या प्रत्येक विक्रीची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. गंमत अशी की जिची सवय लागते ती गोळी लोक मागून घेतात, आणि नैराश्यावरच्या ज्या गोळ्यांची तशी सवय लागत नाही त्या "आयुष्यभर चिकटतील" म्हणून नाकारतात. दुसरा गैरसमज अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा. केमोनंतर हातापायांच्या नसांत होणाऱ्या जळजळीसाठी डॉक्टर रात्री दहा मिलिग्रॅम लिहून देतात, घरातला कोणी शिकलेला मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि "ही तर डिप्रेशनची गोळी आहे" म्हणून ती बंद करवतो, किंवा याच्या उलट, नैराश्याचा उपचार आधीच चालू आहे असे समजून निश्चिंत होतो. एवढ्या कमी मात्रेत ती नसांच्या दुखण्यापुरतीच असते.

गोळ्या सुरू केल्यावरचे पहिले पंधरा दिवस सर्वांत कठीण असतात. मळमळ, डोकेदुखी, थोडी अधिक अस्वस्थता असे त्रास आधी येतात आणि गुण नंतर येतो. दोन ते चार आठवडे थांबावे लागते, कधी सहासुद्धा. नेमक्या याच काळात घरचे आठव्या दिवशी ठरवतात की औषध लागू पडत नाही. ताईनेही तेच म्हटले होते. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवल्यामुळे दाजींनी गोळ्या चालू ठेवल्या. बरे वाटू लागल्यावर गोळ्या एकदम सोडणेही चूक, विशेषतः व्हेन्लाफॅक्सिन, जे अचानक थांबवले तर चक्कर, घबराट आणि डोक्यात वीज चमकल्यासारख्या झटक्यांनी माणूस हैराण होतो. बरे वाटल्यानंतरही काही महिने औषध घ्यायचे आणि मग हळूहळू मात्रा उतरवायची, असा सर्वसाधारण क्रम असतो.

पण गोळ्या म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे, आणि सौम्य नैराश्यात तर त्यांची अनेकदा गरजही नसते. इथे पुन्हा स्कॉटलंडकडे वळतो. तिथे नैराश्य असलेल्या ५०० कॅन्सर रुग्णांवर केलेल्या प्रयोगात अर्ध्या रुग्णांना खास प्रशिक्षण दिलेल्या कॅन्सर परिचारिका भेटत. जास्तीत जास्त दहा बैठका, प्रत्येक बैठकीत रुग्णाच्या अडचणींची हाताळता येतील अशा तुकड्यांत मांडणी, हळूहळू कामाला लागण्याचा आराखडा, औषधांवर लक्ष, आणि या साऱ्यावर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख. चोवीस आठवड्यांनी यांतल्या ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने किंवा अधिक उतरले होते. उरलेल्या अर्ध्यांच्या बाबतीत फक्त त्यांच्या डॉक्टरांना निदान कळवले गेले होते. तिथे हाच आकडा १७ टक्के होता. निदान होणे आणि ते फायलीत लिहिले जाणे पुरेसे नसते, कोणीतरी मागे लागून उपचार पार पाडावे लागतात, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्याकडे एवढ्या परिचारिका आणि एवढे मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचे, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर एक प्रयोग केला. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातल्याच साध्या, शिकवून तयार केलेल्या व्यक्ती होत्या. त्यांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना पुन्हा छोट्या छोट्या कृतींकडे वळवले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. हे कॅन्सरचे रुग्ण नव्हते, ही मर्यादा मान्य. तरीही जिल्ह्याच्या केमो केंद्रात अशी दोन शिकवलेली माणसे बसवायला काय हरकत आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

यामागचा विचार साधा आहे. बरे वाटले की काम करू, असे नैराश्यातला माणूस म्हणतो. उपचार त्याला आधी काम देतो आणि बरे वाटणे मागून येऊ देतो. मात्र काम त्याच्या आजच्या ताकदीला झेपणारे आणि त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे असावे लागते. दाजी रोज सांगत होते, "मन रमव जरा," आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. समुपदेशक बाईंनी ताईला विचारले की शाळेतले कोणते काम बसल्या जागी होईल, आणि शेजारच्या मुलीची शुद्धलेखनाची एक वही रोज संध्याकाळी तपासायची, एवढेच ठरवले. ते चालले. मग गच्चीवर दहा मिनिटे चालणे आले, तेही चालले. भिशीला जाणे मात्र पार फसले, कारण पहिल्याच बाईने केस पुन्हा सरळ येतील की कुरळे, याची चौकशी मांडली आणि ताई रडत घरी आली. बाईंनी ते अपयश मानले नाही. भिशी यादीतून काढली आणि एका मैत्रिणीला घरी चहाला बोलवायचे ठरवले.

आणखी एका गोष्टीवर मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. "सकारात्मक राहा, मनाने खचलात तर कॅन्सर परत येईल," असे भेटायला येणारा प्रत्येक जण ताईला सांगून जात असे. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात कॅन्सर रुग्णांच्या मनोविकारांचे शास्त्र उभे करणाऱ्या डॉ. जिमी हॉलंड यांनी सकारात्मक विचारांच्या या सक्तीला जुलूमच म्हटले होते. रडू आले म्हणून गाठ वाढत नाही. शिवाय, स्कॉटलंडच्या त्याच रुग्णांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतला तेव्हा नैराश्यावरच्या उपचाराने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. काहींना हे निराशाजनक वाटेल, मला ते मोकळे करणारे वाटते. नैराश्य स्वतःच इतके यातनामय आहे की ते बरे करायला आयुष्य वाढवण्याचे आमिष लागत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या, फार काळ हाती नसलेल्या रुग्णांवरही हाच उपचार करून पाहिला गेला आणि त्यांचे उरलेले दिवस अधिक बरे गेले.

मरणाच्या विचारांबद्दल विचारायला घरचे घाबरतात. आपण विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. मी ताईला सरळ विचारले होते, "ताई, जीव द्यावासा वाटतो का गं?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "द्यावासा नाही. पण सकाळी जाग आली नाही तरी चालेल, असं वाटतं." हे वाक्य मी शब्दशः डॉक्टरांना सांगितले आणि पुढची भेट त्यांनी अलीकडे ओढली. कॅन्सरच्या निदानानंतरचे पहिले काही महिने विशेष जपण्याचे असतात. रुग्णाने काही ठरवले आहे असा संशय आला तर त्याला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. आजार खूप पुढे गेलेल्या एखाद्या वृद्धाने शांतपणे "आता पुरे झाले" म्हणणे ही मात्र नेहमी नैराश्याची खूण नसते. तो नातवंडांशी गप्पा मारत असेल, कोणाला काय द्यायचे ते सांगत असेल, तर त्याचे बोलणे ऐकून घ्यावे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना कॅन्सरची संपूर्ण फाईल, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप आणि वैद्यांकडून आणलेले काढे किंवा चूर्णेसुद्धा बरोबर न्यावीत, कारण रुग्ण त्यांना औषध समजत नाही आणि सांगत नाही. हॉर्मोनची गोळी कोणती, केमोचा पुढचा डोस कधी आणि शेवटच्या रक्ततपासणीत प्लेटलेट व सोडियम किती होते, हे एका कागदावर लिहून न्यावे. नव्या गोळीचे नाव कॅन्सरच्या डॉक्टरांनाही कळवावे. आणि निघण्यापूर्वी चार आठवड्यांनंतरची पुढची तारीख घेऊनच बाहेर पडावे. ती घेतली नाही तर नवव्या दिवशी गोळ्या बंद होतात आणि कोणीतरी पुन्हा माझ्या काउंटरवर येऊन ताकदीचे औषध मागते.